हातचं आणि पळतं

मायबापहो, निरूपणाच्या ओघात द्यूताचा विषय आला की आम्हा कीर्तनकारांचं एक ठरलेलं असतं. हस्तिनापूरची सभा उभी करायची, शकुनीच्या हातात फासे द्यायचे, द्रौपदीची हाक ऐकवायची, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की "म्हणून जुगार खेळू नये" असं म्हणून पुढच्या चरणाकडे वळायचं. मीही तेच करतो आणि करत राहीन. त्यात खोटं काही नाही. जुगार खेळू नयेच. आपल्याकडे कायदासुद्धा १८८७ सालापासून तेच सांगतो आहे. पण एक विचारतो. ज्याचं खेळून झालं आहे, ज्याची चिठ्ठी खिशात आहे, आणि ती चिठ्ठी हरायच्या नव्हे तर जिंकायच्या वाटेला लागली आहे, त्याने काय करावं? भीमेच्या मध्यधारेत पोहोचलेल्या माणसाला "पाण्यात उतरू नये" असं सांगून काय उपयोग? त्याला एवढंच हवं असतं, की पुढच्या काठाला जाऊ का मागे फिरू.

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला, २०१६ सालच्या मार्च महिन्यात. विचारणारा पोरगा होता इंग्लंडात, लेस्टर नावाच्या शहरात. त्याचे वडील आमच्या दिंडीत पंधरा वर्षं वीणेमागे चालणारे. पण पोराचा प्रश्न सांगण्याआधी ते गाव आणि तो खेळ समजून घ्या. गाठ तिथेच आहे.

लेस्टर हे मध्य इंग्लंडातलं शहर. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आपल्या लोकांना हाकलून दिलं, तेव्हा कितीतरी गुजराती कुटुंबं तिथे जाऊन वसली. बेलग्रेव्ह रोड नावाच्या रस्त्यावर अशी दिवाळी होते म्हणतात, की आपल्या लक्ष्मी रोडने लाजावं. शिकायला आपली मराठी पोरंही जातात. त्या गावाचा एक फुटबॉलचा संघ आहे, लेस्टर सिटी. इंग्लंडच्या वरच्या गटात वीस संघ असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी. म्हणजे एका संघाचे सामने अडतीस. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. ऑगस्टात सुरू, मे महिन्यात संपलं. सगळ्यात वर असेल तो विजेता, आणि खालच्या तिघांना खालच्या गटात ढकलून देतात. आपल्या परीक्षेसारखंच, फक्त इथे नापास झालेल्याला एक इयत्ता मागे पाठवतात.

आता हे लेस्टर कसं? २०१४ च्या नाताळात तक्त्यात सगळ्यात तळाला. मार्च २०१५ संपत आला तरी तळालाच. आणि बघा, गंमत अशी की त्याच महिन्यात त्या गावात एका राजाचा अंत्यविधी झाला. तिसरा रिचर्ड. १४८५ साली लढाईत पडला होता. त्याची हाडं २०१२ साली लेस्टरमध्ये मोटारी लावायच्या जागेखाली सापडली, आणि २६ मार्च २०१५ ला तिथल्या मोठ्या चर्चमध्ये मानाने पुरली. त्यानंतर काय झालं? उरलेल्या नऊ सामन्यांतले सात लेस्टरने जिंकले आणि संघ चौदाव्या नंबरावर येऊन वाचला. गावातले लोक हसत म्हणायला लागले की राजाला मूठमाती मिळाली, राजाने आशीर्वाद दिला. आणखी ऐका. संघाचा मालक थायलंडचा, बौद्ध. तो बँकॉकहून भिक्षू बोलवायचा आणि मैदानावर, खेळाडूंवर मंत्रलेलं पाणी शिंपडवायचा. आता हे राजामुळे झालं, भिक्षूंमुळे झालं की पोरं जीव तोडून पळाली म्हणून झालं, ते तुम्हीच ठरवा. मी एवढंच म्हणेन, की पाणी शिंपडलेलं असलं तरी पळावं लागलंच.

त्या उन्हाळ्यात संघाचा प्रशिक्षक बदलला आणि क्लॉडिओ रानिएरी नावाचे इटलीचे गृहस्थ आले. वय त्रेसष्ट. आदल्याच वर्षी ग्रीस देशाच्या संघाने त्यांना काढून टाकलं होतं, कारण फॅरो बेटांच्या चिमुकल्या संघाकडून ग्रीस हरला होता. पुढे गोल मारणारा जेमी वार्डी काही वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला होता. मोडलेल्या हातापायांना बांधायच्या पट्ट्या बनवायचा आणि संध्याकाळी गावपातळीवरच्या संघातून खेळायचा. असा सगळा जमवलेला मेळा.

म्हणून सट्टेवाल्या कंपन्यांनी भाव काढला, पाच हजाराला एक. लेस्टर पहिलं आलं तर एका पौंडाला पाच हजार पौंड. इंग्लंडात हा धंदा कायदेशीर आहे बरं का. १९६१ पासून भररस्त्यात दुकानं आहेत, आणि जिंकलेल्या पैशावर खेळणाऱ्याला करही नाही. आता पाच हजाराला एक याचा अर्थ काय, तर पाच हजार वर्षांत एकदा. आणि ती स्पर्धा सुरू कधी झाली? १८८८ साली! सव्वाशे वर्षांच्या खेळाला पाच हजार वर्षांचा हिशेब कोण लावणार? तो आकडा म्हणजे हिशेब नव्हताच, ती थट्टा होती. कंपनीला वाटलं, चार खुळे चार पौंड देतील, आपल्या चहाचं भागेल.

आमच्या या पोराने ऑगस्टात पाच पौंड लावले. का? गावात राहतो म्हणून. खोलीवरच्या तिघांनी हसत हसत लावले, त्यातला हा एक. मी त्याला पाठीशी घालत नाही. पण त्याने घर गहाण टाकलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. घर गहाण होतं, शेतही गहाण होतं, पण ते वडिलांनी टाकलेलं, पोराच्या शिक्षणासाठी. बँकेचं नऊ लाखांचं कर्ज, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि शेवटचा प्रबंध अजून लिहायचा होता.

मग ते नवल घडायला लागलं. २०१५ च्या नाताळात लेस्टर वरती! वर्षापूर्वी ज्या दिवशी तळाला होतं, त्या दिवशी शिखरावर. ६ फेब्रुवारीला मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन त्यांना तीन-एक हरवलं. आठ दिवसांनी आर्सेनलशी सामना. बरोबरीत सुटतोय असं वाटत असताना पंचाण्णवाव्या मिनिटाला गोल बसला, आणि हरले. मार्चमध्ये पुन्हा सुरू. एक-शून्य, एक-शून्य, एक-शून्य. पोरगा सांगत होता, "महाराज, रात्री दोन वाजता फोन काढून तक्ता बघतो. प्रबंधाचं पान उघडतो आणि वार्डीचा गुडघा दुखतोय का ते वाचत बसतो."

आणि त्या फोनवर एक बटण यायला लागलं होतं. कॅश आउट. म्हणजे काय? स्पर्धा संपायची वाट बघू नका, आजच चिठ्ठी आम्हाला विका, आज एवढे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. रोज आकडा बदलायचा. लेस्टर जिंकलं की वर, दुसरा संघ जिंकला की खाली. सामना चालू असतानासुद्धा बदलायचा. त्या वर्षी एका माणसाने पन्नास पौंड लावले होते. शेवटपर्यंत थांबला असता तर अडीच लाख पौंड. त्याने मध्येच बटण दाबून बहात्तर हजारांच्या वर पौंड घेतले. ही बातमी तिकडच्या सगळ्या वर्तमानपत्रांत आली. आमच्या पोराचे पाच पौंड, म्हणजे त्याच्या एक दशांश. पूर्ण मिळाले तर पंचवीस हजार. आज घेतले तर सात हजार दोनशेच्या आसपास. तेव्हा पौंड शहाण्णव-सत्त्याण्णव रुपयांना होता. म्हणजे आजचे सात लाख, नाहीतर मे महिन्यातले चोवीस लाख, नाहीतर शून्य.

"महाराज, घेऊ का थांबू?"

आता बघा, मायबापहो, या प्रश्नाला सगळे काय उत्तर देतात. एक पक्ष म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. दुसरा पक्ष म्हणतो, अरे पाचच पौंड तर लावलेत, बुडाले तर पाचच बुडतील! मित्र त्याला हेच सांगत होते. ऐकायला किती बरोबर वाटतं. पण इथेच मोठी फसगत आहे, ती नीट समजून घ्या.

मी त्याला विचारलं, "बाळा, आज तुझ्यापाशी किती आहेत?" तो म्हणाला, "पाच पौंडांची चिठ्ठी." मी म्हटलं, "नाही. ते पाच पौंड ऑगस्टातच गेले, त्यांचं श्राद्धही झालं. आज तुझ्यापाशी सात हजार दोनशे आहेत. बटण दाबलं की तुझे. तू बटण दाबत नाहीस याचा अर्थ एवढाच, की आज, या घडीला, तू सात हजार दोनशे पौंड लेस्टरवर लावतोयस. नव्याने. आता मला सांग, वडिलांच्या खात्यात सात लाख असते, तर ते काढून आणून या संघावर लावले असतेस का?"

पोरगा गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मेलो तरी लावले नसते."

तरी मी त्याला लगेच "घे" म्हटलं नाही. का? कारण दुसरी बाजूही खरी होती. कंपनी बटण देते ती काय धर्मादाय म्हणून? समजा भाव दोनाला एक आहे. म्हणजे तीनातून एकदा लेस्टर जिंकेल असं बाजाराला वाटतं. तर पंचवीस हजारांच्या चिठ्ठीची आजची सरळ किंमत तिसरा हिस्सा, आठ हजार तीनशे तेहतीस. पण बटणावर तेवढे कधीच दिसणार नाहीत. सात हजारांच्या आसपास काहीतरी दिसेल. मधले हजार-बाराशे कंपनीचे. लावताना एकदा त्यांनी आपला वाटा कापलेला असतो, विकताना दुसऱ्यांदा कापतात. शिवाय मे महिन्यात द्यावं लागणारं मोठं देणं टळतं, ते वेगळं. आणि विकून आलेला पैसा माणूस बहुतेक वेळा पुन्हा तिथेच लावतो, तो तिसरा फायदा. आठवडी बाजारातला व्यापारी बैल विकायला आलेल्या माणसाचा चेहरा बघून भाव पाडतो ना, तसं ते बटण तुमची धास्ती बघून भाव पाडतं. म्हणून निव्वळ हिशेब करणारा म्हणेल, विकू नकोस, कमी मिळतंय. त्याचं चूक नाही.

पण हिशेब घरागणिक बदलतो. आमच्या श्रोत्यांत गणिताचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी मला सांगितलं, की डॅनियल बेर्नुली नावाच्या पंडिताने १७३८ साली हाच प्रश्न घातला होता. एका अगदी गरीब माणसाला सोडतीचं तिकीट मिळालं. अर्धी शक्यता वीस हजार मोहरांची, अर्धी शक्यता शून्याची. सरळ हिशेबाने तिकिटाची किंमत दहा हजार. कोणी नऊ हजार देऊ केले तर गरिबाने विकावं का? बेर्नुली म्हणतो, विकलं तर तो मूर्ख नव्हे. आणि त्याच नऊ हजारांना एखाद्या श्रीमंताने ते तिकीट विकत घेतलं, तर तोही मूर्ख नव्हे. तिकीट तेच, आकडे तेच. पण गरिबाच्या घरात पहिले नऊ हजार जे काम करतात, ते पुढचे अकरा हजार करत नाहीत. अहो, उपाशी माणसाची पहिली भाकरी आणि सहावी भाकरी यांचं वजन सारखं असेल, पण मोल सारखं असतं का?

आपल्या पोथ्यांत हे नाही असं समजू नका. वनपर्वातलं नलाख्यान काढा. नळराजा पुष्कराशी खेळायला बसला. दिवसामागून दिवस हरतोय. प्रजा दाराशी आली, मंत्री आले, तो कोणाचं ऐकेना. तेव्हा दमयंतीने काय केलं? ती विदर्भाची लेक, कुंडिनपूरची. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर तेच म्हणतात. तिथूनच रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला येते. तर दमयंतीने ओळखलं, की नवरा डावावरून उठणार नाही. ती रडत बसली नाही आणि फासेही हिसकावायला गेली नाही. तिने वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावलं, दोन्ही लेकरं रथात घातली आणि माहेरी पाठवून दिली. बास. राज्य गेलं, खजिना गेला, अंगावरच्या एका वस्त्रानिशी दोघं वनात गेली. पण लेकरं डावावर नव्हती. जे जाऊन चालणार नाही, ते तिने आधी बाजूला काढलं.

मी त्याला ही कथा सांगितली आणि विचारलं, "तुझ्या रथात काय घालायचं आहे?" म्हणाला, "शेत." नऊ लाखांतले सात फिटले तर उरलेले दोन नोकरी लागल्यावर वर्षात फिटतील. वडिलांना रात्रीची झोप येईल. मग मीच त्याला म्हटलं, बटणात अर्धी चिठ्ठी विकायची सोय असेल तर बघ. होतीच सोय. अर्धी विकायची, अर्धी ठेवायची. बरेच लोक तसं करत होते, आणि वाईट वाट नाही ती. अर्धी ठेवलेल्याला उद्या कोणतीच हळहळ पूर्ण लागत नाही. पण पोरगा माझ्याहून शहाणा निघाला. म्हणाला, "महाराज, अर्धी ठेवली तरी मी अडीच महिने मॅचच बघणार. प्रबंध राहिला तर ते सात लाखही गेले आणि आधीचे नऊही." त्याला स्वतःचं मन ठाऊक होतं. ज्याला स्वतःचं मन ठाऊक आहे त्याला कीर्तनकाराची काय गरज? मार्चच्या त्या रात्री त्याने सगळी चिठ्ठी विकली. दुसऱ्या आठवड्यात पैसे बँकेत भरले.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. लेस्टर जिंकलं.

पण कसं जिंकलं ते ऐका. १७ एप्रिलला वेस्ट हॅमशी सामना, वार्डीला पंचांनी मैदानाबाहेर काढलं. संघ दोन-एकने मागे, घड्याळ संपलेलं, आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला पेनल्टी मिळून बरोबरी झाली. १ मेला मँचेस्टर युनायटेडशी बरोबरी. २ मेच्या रात्री लेस्टरचा सामनाच नव्हता. दुसऱ्या नंबरावरचं टॉटनहॅम लंडनमध्ये चेल्सीशी खेळत होतं. टॉटनहॅम जिंकलं असतं तर प्रश्न लांबला असता. अर्ध्या वेळेला दोन-शून्यने पुढे होते. मग चेल्सीने एक फेडला, आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा. बरोबरी. लेस्टर विजेतं. खेळाडू वार्डीच्या घरी टीव्हीसमोर बसलेले. आणि रानिएरी महाशय त्या दिवशी दुपारी कुठे होते? इटलीत, आपल्या शहाण्णव वर्षांच्या आईकडे जेवायला गेले होते. मला त्या सबंध गोष्टीत हे सगळ्यात आवडतं. अडतीस सामन्यांत एक्याऐंशी गुण मिळाले, तीनच सामने हरले, आणि ज्या दिवशी मुकुट मिळायचा त्या दिवशी माणूस आईच्या पंगतीला.

आमच्या पोराने त्या रात्री फोन केला. मागे शिट्ट्या, गाड्यांचे भोंगे, सगळं गाव रस्त्यावर. म्हणाला, "महाराज, वर्षभरात आज पहिल्यांदा मॅच मॅचसारखी बघितली." रडत होता का हसत होता, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

पण वडिलांचं समाधान होईना. त्या वर्षी आषाढी १५ जुलैला होती. वाखरीच्या तळावर दुपारी विसावा होता. माउली माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू का? तुमच्या त्या दमयंतीच्या कथेपायी आमचे सतरा लाख गेले बघा." आजूबाजूचे चार जण हसले. ते हसत नव्हते. माणूस साधा, पण सतरा लाख हा आकडा शेतकऱ्याच्या उरात कसा रुततो ते मला कळतं. सतरा लाखांत काय काय झालं असतं, ते त्यांनी वाटेने चालता चालता मोजलं होतं. विहीर, पोरीचं लग्न, ट्रॅक्टरचा हप्ता.

मी म्हटलं, "माउली, तुकोबारायांनी घरची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणं होतं, ते सोडलं. ती खतं तरी खरी होती, सह्या होत्या, अंगठे होते. तुमच्या सतरा लाखांचं खत दाखवा मला." ते म्हणाले, "खत नव्हतं, पण झालं तर खरंच ना? जिंकले तर खरंच ना?"

बरोबर बोलले. जिंकले हे खरंच. मी त्यांना म्हटलं, "मग १७ एप्रिलला ती पेनल्टी मिळाली नसती आणि तिथून संघ घसरला असता, तर आज तुम्ही मला काय म्हणाला असता? महाराजांनी वाचवलं, म्हणाला असता. आणि मी मार्चमध्ये बोललो ते शब्द तेच. चेंडू इंग्लंडात खांबाला लागून आत गेला की बाहेर गेला, यावर माझं सांगणं शहाणपणाचं की खुळेपणाचं ठरणार असेल, तर मला कशाला विचारता, खांबालाच विचारा." यावर ते थोडे हसले. पण पटलं असं नाही. अशी गोष्ट पटत नाही लवकर, वाचकहो. ज्याने थांबून चोवीस लाख घेतले त्याचा फोटो पेपरात येतो. पाच हजाराला एक भावाच्या दुसऱ्या हजारो चिठ्ठ्या दरवर्षी फाटतात, त्यांचे फोटो कोण छापणार?

मी सभापर्वातली द्रौपदी सांगून बघितली. धृतराष्ट्राने तिला वर दिले. पहिल्याने तिने धर्मराजाची सुटका मागितली, दुसऱ्याने चौघा भावांची, रथ आणि धनुष्यांसह. म्हातारा म्हणाला, तिसरा माग. ती म्हणाली, नको. लोभ धर्माला खातो, हे मोकळे झाले, आता यांचं हे मिळवतील. राज्य मागता आलं असतं तिला! सगळ्या सभेत कुठे थांबायचं हे तिला एकटीला कळलं. आणि तिने सोडवून आणलेला धर्मराज वाटेतूनच परत बोलावल्यावर पुन्हा फाशांपुढे जाऊन बसला. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास तिथे लागला, पहिल्या डावात नव्हे. हे फार जणांच्या लक्षात राहत नाही.

माउली ऐकत होते, पण बोटं अजून आकडे मोजत होती. तेवढ्यात त्यांचं कुटुंब पाण्याची कळशी घेऊन आलं. सगळं कानावर पडलं असणार. त्या बाई कधी माझ्यापुढे चार शब्द बोलल्या नव्हत्या. कळशी खाली ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, "मार्चात बँकेचा कागद आला तवा तुम्ही काय केलं सांगा की महाराजांना." माउली गप्प. मग त्याच म्हणाल्या, "शेताच्या बांधावर जाऊन झोपले. घरात नाही, बांधावर. सकाळी उठवायला गेले तर उठंनात. मला वाटलं काय झालं का काय. तर नुसते घोरत व्हते."

सगळा तळ हसला. माउलीही हसले, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

त्या लेस्टरचं पुढे काय झालं म्हणाल, तर रानिएरींना नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये काढून टाकलं. २०२३ साली तो संघ खालच्या गटात गेला. पोराचा प्रबंध झाला, नोकरी लागली, उरलेले दोन लाख त्याने दीड वर्षात फेडले. वर्ष नव्हे, दीड वर्ष. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला त्याचा पेढा मला मिळाला आहे.

पण वाखरीचं अजून संपलं नव्हतं. विसावा आटोपला, टाळ उचलले, चोपदारांनी हाक दिली. माउली वीणेमागे आपल्या जागेवर उभे राहिले. पताका हलली, पावलं पडायला लागली, आणि चार पावलं चालून ते माझ्या कानाशी आले.

"महाराज, औंदा त्या लेस्टरचा भाव काय निघालाय म्हणं?"

मागून त्यांच्या कुटुंबाने पदर तोंडाला लावला.